सापाला आग्रह

आमच्याकडे एखाद्याची काळजी घ्यायची म्हणजे त्याने नको म्हटलेलं त्याच्या पानात वाढायचं. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला की तो हात बाजूला करायचा, आणि तो गळ्याशप्पथ म्हणायला लागला की मग कुठे त्याचं पोट भरलं असं समजायचं. या कामात माझ्या वडिलांचा हात धरणारा आमच्या गावात कोणी नव्हता आणि मी त्यांचाच मुलगा. त्यामुळे सौदीत एक साप सांभाळायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी त्यालाही आग्रहच केला.

पण सापाच्या आधी माझी माणसं आली, तिथून सांगतो.

ते तेलाचे दिवस होते. धाहरानच्या आजूबाजूला जिकडे बघावं तिकडे वाळू खणून ठेवलेली आणि तिच्यात पाइप. मी एका कंत्राटदाराकडे पाइपलाइनवर फोरमन होतो. बरीच वर्षं बॅचलर कॅम्पात काढली. एका खोलीत चौघे, चौघेही रत्नागिरीकडचे आणि चौघेही घोरणारे. मग बढती मिळाली, फॅमिली व्हिसा मिळाला, जवळच्या खोबर शहरात दोन खोल्यांची जागा मिळाली आणि एका हिवाळ्यात बायको आणि सात वर्षांची मुलगी येऊन दाखल झाल्या. मी विमानतळावर नवा कोरा शर्ट घालून उभा होतो. मुलीने मला बघितलं आणि ती आईच्या मागे गेली.

तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या लेखी मी म्हणजे वर्षातून एकदा येणारा पाहुणा. हा पाहुणा मोठी बॅग घेऊन येतो, बॅग उघडली की निम्मं गाव ओटीवर जमतं, मग महिनाभर घरात कोंबडी आणि मासे होतात आणि एक दिवस टॅक्सी येऊन त्याला घेऊन जाते. ती मला हाक मारायची तीसुद्धा ‘अहो’. आई जी हाक मारते तीच खरी, असा तिचा साधा हिशोब. गावात सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण महिन्याभराचा प्रश्न असायचा.

खोबरला आल्यावर थोड्याच दिवसांनी ती स्वयंपाकघरात आईला विचारत होती, ते मी बाहेरून ऐकलं.

“हे परत कधी जाणार?”

“अगो, हे कुठे जातायत? हे त्यांचंच घर.”

“मग आपण परत कधी जाणार?”

यावर बायकोने कुकरची शिट्टी व्हायची वाट बघितली.

मुलगी जेवेना. दोन घास खायची आणि पानाकडे बघत बसायची. मी कंबर कसली. लेबनॉनची सफरचंदं आणली, डब्यातलं चीज आणलं, चांदीच्या कागदातली चॉकलेटं आणली, बोलणारी बाहुली आणली. त्या घरात त्या दिवसांत बोलत होती ती फक्त बाहुली. गावी पंखासुद्धा वीज असेल तर फिरायचा, म्हणून मी माझ्या लेकीसाठी ए.सी. रात्रंदिवस चालू ठेवला. ती गोधडी पांघरून कोपऱ्यात बसायची. शुक्रवारी कॅम्पातले जुने सोबती घरचं जेवायला यायचे, तेव्हा मी तिला बाहेर आणून उभी करायचो. “म्हणून दाखव गो ती कविता.” ती फरशीकडे बघायची. शेवटी सोबती म्हणायचे, “ऱ्हाऊ दे रे, लाजत्येय.” शाळेत तर सगळी पोरं इंग्रजीत आणि हिंदीत बोलणारी. तिथल्या बाईंनी बायकोला विचारलं, हिला ऐकू येतं ना?

ती बोलायची ती एकाच जिवाशी. न्हाणीघरात ट्यूबलाइटच्या मागे एक पाल राहायची. आंघोळीला गेली की अर्धा अर्धा तास ती त्या पालीला सगळं सांगायची, शाळेतलं, गावातलं, आजोबांच्या म्हशीचं. मी दाराला कान लावून उभा. पालीवर जळणारा बाप म्हणून माझं नाव कुठेतरी नोंदवून ठेवायला हरकत नाही.

एक दिवस भांडी घासता घासता बायको म्हणाली, “उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत बघूया. नाही रमली तर मी तिला घेऊन गावी राहते. तुम्ही या नेहमीसारखे सुट्टीवर.” तिने हे रागाने म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. तिने शांतपणे म्हटलं, म्हणून मला घाम फुटला. ए.सी. चालू असून फुटला.

साप सापडला तो याच दिवसांत. चर खणताना वाळूच्या ढिगातून काहीतरी घरंगळलं आणि एकाने फावडं उगारलं. बुलडोझर चालवणारा बदू, वाळवंटातच वाढलेला अरब, ओरडला, “दस्सास! दस्सास!” आणि तळहात वाळूत खुपसून त्याने दाखवलं, की हा असा आत शिरून बसतो, करत काही नाही. आमचा साइट इंजिनीअर इंग्रज होता, घरी साप पाळणारा. त्याने तो मोजपट्टी उचलावी तसा उचलला. हातभर लांबी, अंगठ्याएवढी जाडी, वाळूचाच रंग आणि त्यावर तपकिरी पट्टे. शेपूट बोथट, आणि डोळे चक्क डोक्यावर. आमच्या मांडुळाचा चुलतभाऊ. विषारी नाही, असं इंग्रज म्हणाला, बोआच्या जातीतला आहे.

माझ्या डोक्यात त्या क्षणी जे आलं ते असं: जिला पाल आवडते तिला साप आवडणारच. हा युक्तिवाद मला बिनतोड वाटला. आता खरं सांगायचं तर मी गावी धामण दिसली तरी पायातल्या चपला तिथेच सोडून धावणारा माणूस. पण सगळ्या साइटसमोर मी हात पुढे केला आणि म्हणालो, मी नेतो. भारतातला आहे म्हणजे याला सापातलं कळत असणार, असं समजून इंग्रजाने तो लगेच माझ्या हातात दिला. आमच्या देशाची लाज राखण्यासाठी मी तो धरून ठेवला.

जेवणाच्या डब्यातून, झाकणाला भोकं पाडून, कंपनीच्या बसने मी त्याला घरी आणला. वाटेत शेजारच्या सोबत्याने डब्याला हात लावला. “काय रे, कालचं सुंगटाचं कालवण उरलंय काय?” मी इतक्या जोरात नाही म्हणालो की तो दोन दिवस बोलला नाही.

बायकोने डबा उघडल्यावर जे केलं ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. मग ती म्हणाली, “लोक सौदीतून सोनं आणतात. तुम्ही साप आणलात.” तरीही कोकणातलीच ती. थोड्या वेळाने हळदकुंकू आणि दुधाची वाटी घेऊन आली. मुलगी दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. ती सापाकडे बघत होती. विमानतळापासून त्या दिवसापर्यंत मी आणलेल्या कुठल्याही वस्तूकडे तिने असं बघितलं नव्हतं.

झालं, माझ्या अंगात वडील संचारले. मी बाजारातून काचेची मोठी पेटी आणली, मासे ठेवतात तशी. तळाला वाळू नाही घातली. वाळूतून आलेल्या पाहुण्याला पुन्हा वाळूच द्यायची, हे काही शोभलं नसतं. मऊ टर्किश टॉवेल अंथरला. पेटी ठेवली हॉलमध्ये, बरोबर ए.सी.च्या झोतात, म्हणजे त्याला उकडायला नको. मग दूध ठेवलं. ते फुटलं. उकडलेलं अंडं ठेवलं, सापाने त्याला वळसा घातला आणि झोपला. खिमा ठेवला, ताजी मांदेली ठेवली, डोकं काढून, काटा काढून. एक दिवस कोंबडीचं पिल्लू आणून सोडलं. पिल्लू सापाच्या दुप्पट जाड. ते ऐटीत सापाच्या अंगावर चढून बसलं आणि त्याच्या डोक्यावरचे डोळे दाणे समजून टोचायला लागलं. त्याला मी ओढून काढला. म्हणजे सापाला.

नुसतं एवढंच नाही. तो रोज टॉवेलच्या घडीत घुसायचा आणि मी रोज त्याला बाहेर काढून मांडीवर घ्यायचो, माझी सवय व्हावी म्हणून. शुक्रवारी सोबती आले की काढून दाखवायचो. सोबत्यांना त्यात वेगळाच रस. मांडूळ गुप्तधन दाखवतं, असं आमच्याकडे मानतात. एकाने विचारलं, “ह्याला घेऊन रानात फिरलं तर?” मी म्हटलं, बाबा रे, इथल्या जमिनीखालचं धन दुसऱ्यांना कधीच सापडलंय, आपण त्याचेच पाइप जोडतोय.

साप सुकायला लागला. कातडी सैल पडली. मी पेटीपुढे बसून अक्षरशः त्याला म्हणायचो, खा रे, थोडं तरी खा, माझ्यासाठी एक घास. मुलगी तिच्या कोपऱ्यातून गोधडीतून डोळे काढून हे बघायची. एकदा बायको तिला विचारत होती, साप आवडला का? ती म्हणाली, “तो मरणार.” रात्री मला जेवण गेलं नाही. साप मेला तर सुट्टीत काय होणार ते मला दिसत होतं. तिला मी दिलेली एकच गोष्ट तिने बघितली होती आणि ती तिच्यासमोर मरणार होती.

दुसऱ्या दिवशी साइटवर मी इंग्रजाला गाठलं आणि आपण सापासाठी काय काय केलं ते सगळं सांगितलं. मनात थोडा अभिमानही होता. तो ऐकत गेला आणि त्याची मूळची लाल मान आणखी लाल झाली. टॉवेलपर्यंत त्याने धीर धरला. पिल्लाचं ऐकून तो खाली बसला.

मग त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. तो आजारी नाही, घाबरलाय. नवीन जागा आहे, तुला ओळखत नाही. आणि तू त्याला गारठवून ठेवलंयस, गारठलेला साप खाल्लेलं पचवू शकत नाही, म्हणून तो खात नाही. खोल वाळू दे, लपू दे. एका बाजूला दिवा लाव, ए.सी. बंद कर. काढू नको, दाखवू नको, हात लावू नको. यांना लागतात पाली. एखादी सोड आणि निघून जा, तिथे बघत उभा राहू नको.

“आणि नाहीच आला वर तर?” मी विचारलं.

“येईल. त्याला वाटेल तेव्हा.”

परतताना बसमध्ये मी त्याचं बोलणं आठवत होतो, आणि खोबरच्या वळणावर येईपर्यंत ते सापाबद्दलचं राहिलं नव्हतं. नवीन जागा. ओळखत नाही. गारठवलंयस. काढू नको, दाखवू नको. मला त्या बसमध्ये रडू आलं, आणि शेजारच्याने डब्याकडे संशयाने बघितलं.

घरी जाऊन मी वाळू भरली, दिवा लावला आणि ए.सी. बंद केला. साप दोन वळसे घेऊन वाळूत गेला तो गेलाच, वर फक्त डोक्यावरचे दोन डोळे, मोहरीएवढे. अर्ध्या तासाने मुलगी गोधडी टाकून हॉलमध्ये आली आणि दिव्याच्या उबेत पेटीपाशी बसली. गेले कित्येक महिने ती कुडकुडत होती. ए.सी. तिच्यासाठी बंद करावा हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. सापासाठी आलं.

त्यानंतरचे दिवस मला फार जड गेले. आग्रह न करणं हे माझ्यासारख्याला उपास करण्यापेक्षा कठीण. जेवताना मी हात मांडीखाली दाबून बसायचो. बायको म्हणाली, “बरं वाटत नाही का? आज कोणालाच वाढत नाही आहात.” शुक्रवारी सोबत्यांना दारातच सांगितलं, साप बघायचा नाही आणि पोरीला काही म्हणायला लावायचं नाही. “मग आम्ही बघायचं तरी काय?” एकाने विचारलं. मी म्हटलं, पानात मासे आहेत ते बघा.

पालींचं मात्र अवघड होतं. न्हाणीघरातली एक हाताशी होती, पण तिला हात लावला असता तर मी बाप म्हणून कायमचा संपलो असतो. म्हणून काम सुटल्यावर मी बिस्किटाचा रिकामा डबा आणि केरसुणी घेऊन पाइपयार्डच्या दिव्यांखाली पाली पकडत फिरायचो. माझ्या हाताखालची माणसं लांबून बघायची. एक पाकिस्तानी वेल्डर जवळ येऊन हळूच म्हणाला, “उस्ताद, इसका तेल निकालोगे? मेरे घुटने के लिए भी थोड़ा रखना।” सगळ्या प्रांतात तेल निघत होतं, मीच मागे का राहावं.

पहिली पाल पेटीत सोडली तेव्हा मुलगी तिथेच होती. मी म्हटलं, सापाला सोबत म्हणून आणली. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मी ठरल्याप्रमाणे आत निघून गेलो आणि स्वयंपाकघरात नुसताच उभा राहिलो. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायको म्हणाली, अहो, बसा तरी. मी बसलो नाही.

मग एका संध्याकाळी हॉलमधून हाक आली.

“अहो!”

बायकोने आणि मी एकमेकांकडे बघितलं. मायलेकींची हाक एकच, पण ही बायकोची नव्हती.

मी गेलो. मुलगी पेटीवर ओणवी झाली होती. वाळू विसकटलेली, पाल नाही, आणि तिच्या तुटलेल्या शेपटीचा तुकडा वाळूवर वळवळत होता.

“खाल्लीन त्याने,” ती म्हणाली. “वाळूतनं एकदम आला. तुम्ही सोबत म्हणालात ते खोटं होतं.”

“होय,” मी म्हटलं. “तुला वाईट वाटेल म्हणून.”

“भूक लागली असणार त्याला.” गावात वाढलेली पोर ती, कोंबडी कुठून येते ते तिला माहीत होतं. मग थोडा विचार करून म्हणाली, “पण माझी न्हाणीघरातली द्यायची नाही.”

“नाही देणार.”

“शप्पथ?”

मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. एवढं बोलणं आमच्यात पहिल्यांदाच झालं होतं. मला तिला उचलून घ्यायचं होतं, छातीशी धरायचं होतं. मी हात पाठीमागे बांधले आणि दिव्याची वायर नीट आहे का ते बघत राहिलो.

पुढे फार काही घडलं नाही, आणि त्यातच सगळं होतं. साप आठवड्याला एक पाल खायचा. पालीचा डबा घरी आला की तो उघडायचा मान तिचा. ती मला सूचना द्यायची, आता जा, तो बघतोय. मी जायचो. जेवायला बसली की आधी पेटीकडे तोंड करून बसायची, मग हळूहळू पानाकडे तोंड करून. एकदा तिने दुसऱ्यांदा भात मागितला आणि बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी हात पुन्हा मांडीखाली दाबले. पण सुट्टीत काय करायचं ते बायकोने सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, “तिलाच विचारा.” ते धाडस मला होईना.

सुट्टी जवळ आली. गावी जाताना साप कोणाकडे ठेवणार? सोबत्यांकडे ठेवला असता तर त्यांनी त्याला दुधाने आंघोळ घातली असती. सोडायचं ठरलं. मुलीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “जिथे मिळाला तिथेच सोडा. नाहीतर त्याला कळणार नाही.”

शुक्रवारी कंपनीची पिकअप मागून आणली आणि ऊन उतरल्यावर तिघे साइटवर गेलो. चर तोवर बुजवला होता, पाइप वाळूखाली गेला होता. मी डबा वाळूवर ठेवून झाकण काढलं. मुलीने डबा हलकेच आडवा केला. साप काठावर थांबला, मग वाळूत शिरला. आधी डोकं, मग अंग, शेवटी ते बोथट शेपूट. वाळू हलली आणि तिथे काही उरलं नाही.

ती बराच वेळ त्या जागेकडे बघत उकिडवी बसून राहिली. मी तिच्या मागे उभा. जिभेवर सगळं गोळा झालं होतं. सुट्टीनंतर येशील ना गो परत? मी ए.सी. लावणार नाही. दुसरा साप आणीन. एकही घास जास्त वाढणार नाही. बायको गाडीपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी ओठ घट्ट मिटून ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मी शब्दांनीही कोणाला आग्रह केला नाही.

मुलगी उठली, हातांची वाळू फ्रॉकला पुसली आणि माझ्याकडे वळली. आजवर तिच्या तोंडी घर म्हणजे फक्त गावचं घर. खोबरच्या जागेला ती ‘इथे’ म्हणायची, नाहीतर ‘ह्यांच्याकडे’.

“अहो,” ती म्हणाली, “भूक लागली. घरी चला ना.”